पवनेकाठी तंबूत मुक्काम, व्हीलचेअरसह: निघण्याआधी टेप काढा

कॅम्पवाल्याला फोन करून ‘व्हीलचेअर चालेल का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. ‘या ना ताई बिनधास्त, पोरं आहेत आपली, उचलून नेतील.’ बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरीही तेवढ्या बोलण्यावर निघू नका.

मी बारा वर्षांपासून व्हीलचेअर वापरते. पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला पहिल्यांदा गेले ते अशाच एका ‘उचलून नेऊ’वर. चार मुलांनी खुर्चीसकट मला गाडीपासून पाण्याजवळच्या तंबूपर्यंत अलगद नेलं. समोर तुंग किल्ल्याचा सुळका, कलतं ऊन, सगळं छान. मग लक्षात आलं की संडास वर, मालकांच्या घरामागे आहे आणि दर वेळी त्या चौघांना हाक मारावी लागणार आहे. रात्री अडीच वाजता कोणाला उठवणार? मी संध्याकाळपासून पाणी पिणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी घरी पोचले ती थंडीताप घेऊनच. लघवीचा संसर्ग झाला होता, पुढचा आठवडा औषधांत गेला.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. तंबूतून संडासापर्यंत आणि परत, स्वतःच्या हातांनी किंवा फार तर एका माणसाच्या मदतीनं जाता येतं का? येत असेल तर तिथे राहायचं. तंबू लहान असला, जेवण साधं असलं तरी निभावतं. ही वाट नसेल तर बाकी काहीच निभावत नाही. पुढे लिहिलंय ते पवनेच्या अनुभवातून, पण भंडारदरा असो की मुळशी, मापं तीच लागतात.

आधी आपल्या खुर्चीची मापं

टेप घ्या आणि खुर्चीची एकूण रुंदी मोजा. सीटची नाही, हातानं फिरवायच्या दोन्ही कड्यांची, बाहेरून बाहेर. साधी घडीची खुर्ची २४ ते २६ इंच भरते. स्वतः चाक फिरवत असाल तर बोटांच्या पेरांसाठी दोन्ही बाजूंना एकेक इंच धरा, नाहीतर चौकटीवर सालटं निघतात. मग जमिनीपासून गादीची उंची मोजा, गादीवर बसलेलं असताना, कारण वजनानं गादी दबते. ही साधारण १९-२० इंच येते. शेवटी पायाच्या बोटांपासून मागच्या चाकापर्यंतची लांबी.

ही तीन मापं फोनमध्ये लिहून ठेवा. जागच्या जागी वळायला साधारण ५ फूट बाय ५ फूट मोकळी जागा लागते, तेही लिहा. कॅम्पवाल्याला ‘मोठा दरवाजा आहे का’ विचारलं तर तो ‘आहे’च म्हणणार. ‘किती इंच?’ म्हटलं की तो उठून मोजतो. हा फरक मी शेकडो फोनांत पाहिलाय.

फोनवर काय विचारायचं

पवनेच्या काठचे बरेच कॅम्प भाताच्या खाचरांत आहेत. खाचरं उताराला एकाखाली एक असतात, मध्ये बांध, आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरायला कुठे फूटभर तर कुठे तीन फूट उंची. तंबू सगळ्यात खालच्या खाचरात, पाण्याला लागून, कारण फोटो तिथे चांगले येतात. घर, पाण्याची टाकी आणि संडास सगळ्यात वर, रस्त्याकडे. म्हणजे आपली अडचण नकाशातच लिहिलेली असते. म्हणून पहिलं वाक्य हेच बोला: ‘काका, संडास ज्या खाचरात आहे त्याच खाचरात माझा तंबू लावाल का?’ लोक म्हणतात, वरून तळं कसं दिसणार? उलट वरून जास्त दिसतं. खालच्या रांगेतल्यांना पुढच्या तंबूची पाठ दिसते, वरून तुंग आणि तिकोना दोन्ही किल्ले दिसतात.

त्यानंतर जमीन. गाडी थांबते तिथून तंबूपर्यंत किती फूट आणि खाली काय आहे? दाबलेला मुरूम सर्वांत बरा. आखूड, कोरडं गवत चालतं. सुटी खडी टाकलेली असेल तर पुढची लहान चाकं आडवी होऊन रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. मालकाला वाटतं की खडी टाकून वाट चांगली केली, तेव्हा हे त्याला आवर्जून सांगा.

संडासाचे प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, आणि इथेच लोक संकोचतात. संकोच करू नका. कमोड आहे की भारतीय? दार पूर्ण उघडल्यावर मधली मोकळी जागा किती इंच? दार आत उघडतं की बाहेर? उंबरठा किंवा पायरी किती इंच? कमोडच्या शेजारी खुर्ची उभी राहील एवढी जागा आहे का? आत उघडणारं दार असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही, हे मालकाच्या ध्यानात कधीच आलेलं नसतं.

फोटो मागू नका, व्हिडिओ मागा. फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून, न थांबवता, गाडी लावायच्या जागेपासून तंबूपर्यंत आणि तंबूपासून संडासाच्या आतपर्यंत चालत जायला सांगा. गुडघ्याच्या उंचीवरून दगड, पाइप, तंबूची दोरी सगळं दिसतं. डोळ्यांच्या उंचीवरून फक्त तळं दिसतं.

चढाचं गणित सोपं आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी. म्हणजे ६ इंचांच्या पायरीला ६ फुटांची फळी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच प्रमाण १:१२ असं दिलेलं आहे. फोनमधल्या लेव्हलच्या ॲपनं मोजलं तर हा कोन ५ अंशांच्या जरा खाली येतो. मालकाला वाटेवर फळी ठेवून तिच्यावर फोन ठेवायला सांगा आणि आकडा विचारा. ७ अंशांपर्यंतचा छोटा चढ मागे दणकट माणूस असेल तर जातो, पण एकट्यानं नाही. त्याच्या वर गेला तर दुसरी जागा बघा.

कायद्याचं काय, असं मला नवे लोक विचारतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे किमान नियम नुसते शिफारशी म्हणून न ठेवता बंधनकारक करायला केंद्राला सांगितलं. शंभर खोल्यांच्या रिसॉर्टशी बोलताना हे जरूर सांगा. दहा तंबू लावणाऱ्या शेतकऱ्याशी बोलताना मात्र मी इंचांतच बोलते. त्याला करायचं असतं, काय करायचं ते माहीत नसतं.

कधी जायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी. भात दिवाळीच्या आसपास निघतं आणि त्यानंतर जमीन कडक व्हायला काही आठवडे जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर खाचरात धसकटं असतात आणि खालची माती ओली. पावसाळ्यात मावळातल्या चिखलात व्हीलचेअर नेऊच नये, कोणी कितीही हिरवे फोटो पाठवले तरी. काजवे बघायला मेअखेरीस-जूनमध्ये भंडारदऱ्याला जाणार असाल तर जमीन वाळलेली असते, पण एका वळवाच्या सरीनं तासाभरात चिखल होतो. तेव्हा मुक्काम डांबरी रस्त्याला लागून असलेल्या जागीच करा.

बरोबर काय न्यायचं

प्लायवूड. माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू. ८ बाय ४ चा १२ एमएमचा एक शीट घ्या आणि दुकानातच तीन सारखे तुकडे करून घ्या. ३२ इंच रुंद, ४ फूट लांब असे तीन तुकडे मिळतात, एकेक साधारण सात किलोंचा. जमीन मऊ असेल तिथे दोन तुकडे पुढेमागे टाकायचे, खुर्ची दुसऱ्यावर गेली की पहिला उचलून पुढे आणायचा. एका कडेला भोक पाडून सुतळी ओवली तर वाकायला लागत नाही, ओढत आणता येतो. एका बाजूला ऑइलपेंट मारून ओला असतानाच वर बारीक वाळू भुरभुरवा, कारण पहाटे दंवानं प्लाय निसरडा होतो. एक सूचना: १२ एमएमचा प्लाय जमिनीवर पसरायला आहे, खाली पोकळी असेल तर तो वाकतो. पायरीवर रॅम्प म्हणून १९ एमएमचा लागतो. बांधकाम झालेल्या गावात सेंट्रिंगच्या फळ्या कोणाच्या तरी गोठ्यात पडलेल्या असतातच. आधी विचारलंत तर मालक काढून ठेवतो.

बाभळीचे काटे. हवेची चाकं असतील तर पंक्चर होणार असंच समजून निघा. मागच्या २४ इंची चाकांचं पंक्चर कोणताही सायकलवाला काढतो, पण तो रात्री काठावर नसतो. जादा ट्यूब, पंप, पान्हा, पंक्चरचं सामान बरोबर हवं. आणि हे घरी एकदा करून बघितलेलं हवं.

घडीची कमोड खुर्ची न्या, तिचं भांडं निघतं अशी. भारतीय संडास असेल तर भांडं काढून ती सरळ वर ठेवता येते, आणि संडासाचं दार अरुंदच निघालं तर तंबूमागे ताडपत्रीचा आडोसा करून भांड्यासह वापरता येते. बाकी कॅथेटर (लघवी काढायची नळी) वापरत असाल तर रोज लागतात त्याच्या दुप्पट, हात धुवायचं पाणी वेगळ्या बाटलीत, युरिनल, टॉर्च, चुन्याची फक्की एक किलो. फक्कीचं पुढे सांगते.

आणि टॅक्सी ठरवताना गाडी सीएनजी आहे का ते विचारा. डिकीत सिलिंडर असतो आणि खुर्ची मावत नाही. हे मी दारात गाडी आल्यावर शिकले. वर कॅरिअर असलेली गाडी मागा किंवा मागची सीट पाडता येईल अशी.

पोचल्यावर पहिला तास

चारच्या आत पोचा, म्हणजे उजेड हाताशी राहतो. चहा, फोटो, तळं, सगळं नंतर. आधी तंबू ते संडास ही फेरी प्रत्यक्ष मारा, आत जाऊन दार लावून, कमोडवर बसून, परत या. काही चुकत असेल तर अजून दुरुस्तीला वेळ असतो.

तिसऱ्या वर्षी आम्ही नव्या कॅम्पवर गेलो होतो. फोनवर दार २८ इंच सांगितलं होतं आणि ते खरंही होतं, पण ती चौकट होती. दाराची फळी नव्वद अंशांत उघडली की तिची जाडी आणि कडी मिळून दोन इंच खात होती. माझी खुर्ची साडेपंचवीस इंची, म्हणजे हातांना जागाच नाही. मालक काका दोन मिनिटं बघत उभे राहिले, आत गेले, पेचकस आणला आणि बिजागऱ्यांचे सहा स्क्रू काढून दार भिंतीला टेकवून ठेवलं. काकूंनी वरच्या खिळ्यांना दोरी बांधून जाड चादर लावली, खालच्या दोन टोकांना दगड गुंडाळले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. पंधरा मिनिटांत सोय झाली. अरुंद दाराचा हा उपाय तुम्हीही सुचवा. खूप ठिकाणी चालतो.

ढकलणाऱ्यासाठी चार गोष्टी. गवतावर किंवा सैल मातीवर खुर्ची सरळ ढकलू नका, मागे कलवून फक्त मोठ्या चाकांवर न्या, नाहीतर उलटी फिरवून ओढा. पायरी चढवताना पाठमोरी, उतरवतानाही पाठमोरीच, म्हणजे बसलेला माणूस पुढे घसरत नाही. उतार तळ्याकडे असतो, त्यामुळे खुर्ची उभी करताना उताराला आडवी करा, ब्रेक लावा, चाकाखाली दगड द्या. आणि न सांगता खुर्चीला हात लावू नका. ‘ताई, मागे कलवतोय’ एवढं म्हटलं तरी पुरे. मागून अचानक खुर्ची कलली की पोटात खड्डा पडतो.

आता फक्की. अंधार पडायच्या आधी तंबूपासून संडासापर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा मारा, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशा, मध्ये तीन फूट ठेवून. रात्री टॉर्चच्या उजेडात त्या लख्ख दिसतात आणि चाक कुठल्या दोरीत किंवा दगडावर जात नाही. या वाटेवर येणारी तंबूंची दोरी आधीच दुसरीकडे बांधून घ्या.

तंबूत

घुमटाच्या तंबूत उभं राहता येत नाही आणि दारात कापडाची चार-सहा इंचांची पट्टी असते, त्यामुळे खुर्ची आत जात नाही. मोठा, दोन्ही पाखं सोडता येणारा तंबू मिळाला तर उत्तमच. नसेल तर घडीची खाट मागा. तिची उंची खुर्चीच्या सीटएवढी किंवा दोन-तीन इंच कमी असली की स्वतःहून सरकता येतं. खाट नसेल तर दोन-तीन गाद्या एकावर एक टाकायला सांगा. जमिनीवर उतरणं सोपं असतं, पण सकाळी वर येणं अवघड, आणि ते उतरण्याआधी ठरवून ठेवायचं. दोघांनी उचलायचं झालं तर एकानं मागून काखेखालून हात घालून तुमचीच मनगटं धरायची, दुसऱ्यानं गुडघ्यांखालून. एक-दोन-तीन कोणी म्हणायचं तेही ठरवा. उचलणाऱ्यांनी पाठ नाही, गुडघे वाकवायचे.

ज्यांना पायांत किंवा बुडाखाली संवेदना नाही त्यांनी पातळ चटईवर रात्र काढू नये. घरची गादी न्या. कूस बदलायला गजर लावा. सकाळी आरशानं किंवा घरच्या माणसाकडून कातडी बघून घ्या, कुठे लालसर डाग दिसला आणि दाबल्यावर तो गेला नाही तर त्या बाजूवर बसू नका. खुर्चीची गादी रात्री आत घ्या. बाहेर राहिली तर दंवानं भिजते आणि कॅम्पवरची कुत्री ती सोडत नाहीत. खुर्चीवर प्लास्टिक टाका.

शेकोटीजवळ

इथे जरा थांबून वाचा. आमच्याबरोबर एकदा माझा चुलतभाऊ होता, त्याला कमरेखाली काही कळत नाही. गाणी रंगली होती, तो शेकोटीच्या अगदी पुढे. वहिनीला रबर जळल्याचा वास आला म्हणून तिनं खाली टॉर्च मारला तर त्याच्या बुटाचा सोल मऊ होऊन खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीला चिकटला होता. बूट काढला, नडगीवर दोन फोड. तो म्हणत होता, ‘अगं, मला मस्त ऊब लागतेय’, आणि ऊब लागत होती ती फक्त हातांना आणि तोंडाला.

त्यामुळे आता आमच्याकडे नियम आहे. शेजारचा माणूस थोड्या थोड्या वेळानं हात खुर्चीतल्या माणसाच्या नडगीच्या पुढे धरून बघतो. हाताला सहन होत नसेल तर खुर्ची मागे. पायाची पट्टी धातूची असते, ती तापते आणि तापलेली राहते. गरम चहाचा पेला मांडीवर ठेवायचा नाही, ताटाखाली लाकडी पाट घ्यायचा. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपायचं नाही. आणि थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी तंबूच्या आत नेऊ नका. विषारी वायूनं झोपेतच जीव जातो, आणि हे सगळ्यांनाच लागू आहे.

ज्यांच्या कण्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वर आहे, त्यांना अचानक डोकं ठणकणं, तोंड लाल होणं, दरदरून घाम असं झालं तर तो थकवा समजू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा, मूत्राशय भरलंय का, कॅथेटरची नळी मुडपलीय का ते लगेच बघा. रक्तदाब वाढलेला असतो. कारण सापडून ते दूर झालं नाही तर दवाखाना गाठा. कामशेत किंवा तळेगावला जायची वाट उजेडात बघून ठेवलेली असावी आणि गाडीची किल्ली कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असावं.

बोटीत बसायचं असेल तर जीवरक्षक जाकीट घालूनच, आणि खुर्चीला पट्ट्यानं बांधून तर मुळीच नाही. बोट कलली तर खुर्ची माणसाला घेऊन खाली जाते. मी काठावरूनच बघते.

निघताना

सामान गाडीत भरण्याआधी दहा मिनिटं काढून टेपनं सगळं पुन्हा मोजा: वाटेची लांबी, दार, पायरी, कमोडची उंची, फोनवरचा चढाचा आकडा. ते एका कागदावर मराठीत लिहून मालकांना द्या. दार काढणाऱ्या त्या काकांना मी असा कागद दिला आणि माझे प्लायचे तीन तुकडे तिथेच ठेवून आले. पुढच्या डिसेंबरला गेले तर संडासाची चौकट बदललेली होती आणि दार बाहेर उघडत होतं. प्लाय भिंतीला टेकवलेले, वाळू झिजून मधला भाग गुळगुळीत झालेला, म्हणजे वर्षभर कोणी ना कोणी वापरत होतं. मी तंबूसमोर बसले होते तेव्हा काकांचा फोन वाजला. पलीकडे कोणीतरी आजींना घेऊन यायचं विचारत असावं. काका भिंतीकडे वळले, चिकटवलेला कागद बघत म्हणाले, ‘दार बत्तीस इंच, पायरी नाही, तंबूपासून चाळीस फूट. तुमची खुर्ची किती आहे, मोजून सांगा.’